हेरिंगच्या पुडीतला महापौर

निवडणूक जिंकून कॅस्पर ब्रॉयनिंगरला तीन दिवस झाले होते, तरी शुक्रवारी सकाळी तो आपल्या किराणा दुकानात खारे हेरिंग मासेच विकत होता. करणार काय? शपथविधी सोमवारी होता, आणि मासे शुक्रवारीच खपायचे. कमरेला एप्रन, कोपरापर्यंत खारं पाणी, अशा थाटात पोर्ट हार्लन शहराचा नवा महापौर पुड्या बांधत होता. तेवढ्यात त्याच्याकडून हरलेला नगरसेवक लेम्युएल प्रॅट आत आला. नाकाला रुमाल लावूनच आला.

"ब्रॉयनिंगर, तू या देशाचा नागरिक आहेस ना?"

"आहे की. बारा वर्षं झाली."

"मग कागद दाखव. सोमवारी दुपारी बाराला, सभागृहात. कागद नसेल तर खुर्ची दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराची. म्हणजे माझी."

"अहो, पण सगळं गाव मला ओळखतं!"

"मी नाही ओळखत. मी असल्या परदेशी दुकानातून मीठसुद्धा घेत नाही. माझा आजा या देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढलाय. मला कुणी कागद विचारत नाही."

खरं होतं ते. ज्याला कुणी कागद विचारत नाही, त्यालाच दुसऱ्याचा कागद बघायची खाज सुटते. ही खाज कुठल्याही मलमानं जात नाही.

कॅस्परचा स्वतःचा दाखला पहिल्या लाकडी दुकानाबरोबर जळून गेला होता. पण तो घाबरला नाही. कोर्टात नोंदवही होती. नागरिकत्वाची शपथ घेतली तो दिवस त्याला लख्ख आठवत होता. लांबलचक रांग, उकाडा, आणि मागचा एक उंच माणूस सारखा पाठीत ढोसत होता, "सरक रे, सरक पुढं!" कॅस्पर सरकला, सही केली, नागरिक झाला.

तो एप्रनसकट कोर्टात गेला. कारकून टटलनं कपाट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं.

"ती वही नाही, महापौरसाहेब."

"नाही म्हणजे?"

"गेल्या हिवाळ्यात रद्दीत काढली. प्रॅटसाहेब म्हणाले, उंदीर झालेत, जुन्या वह्या विकून टाका."

"अरे माणसा, विकली कुणाला?"

टटलनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्हाला."

कॅस्पर भिंतीला टेकला. त्याला आठवलं. दोन हातगाड्या रद्दी. पुठ्ठे आधीच काढलेले. कागद जाड, सरळ फाटणारा, मासळीचं पाणी न झिरपू देणारा. किराणा दुकानदार कागद वाचत बसत नाही, फाडून बघतो. त्यानं फाडून बघितला होता आणि बायकोला म्हणाला होता, "ऑटिली, असला कागद जन्मात मिळायचा नाही."

म्हणजे गेला अख्खा हिवाळा त्यानं स्वतःचं नागरिकत्व साखरेला, चहाला नाहीतर हेरिंगला गुंडाळून विकलं होतं.

घरी ऑटिली साबणाच्या वड्या रचत होती. तिनं ऐकलं आणि हातातली वडी खाली पडली.

"तो जाड कागद? अरे बाबा, त्यातले शेवटचे दहा-वीसच राहिलेत गल्ल्याखाली!"

दोघांनी ते उलटेपालटे केले. कुणा विणकराचं नाव होतं, कुणा कुंभाराचं. कॅस्परचं नव्हतं.

"आता?" ऑटिलीनं विचारलं.

"आता पुड्या परत मागायच्या."

हे काम हनोरा मल्व्हेनीवर सोपवलं. ही आयरिश विधवा निम्म्या शहराचं धुणं धुवायची, त्यामुळे कुणाच्या घरात काय आहे हे पाद्र्यापेक्षा तिला जास्त माहीत. "कॅस्परच्या दुकानातला कागद असेल तो आणून द्या, नाहीतर तुमचा महापौर गेला," एवढंच ती दारोदार ओरडली. शनिवारी सकाळपासून कागद यायला लागले. खिडकीच्या फटीत कोंबलेले, पेट्यांच्या तळाला अंथरलेले, केकच्या भांड्याखालचे, एक तर कोंबडीच्या अंड्यांसकट. ऑटिली एकेक कागद गल्ल्यावर पसरून त्यावर मापं ठेवत होती.

आणि मग लोक ते कागद वाचायला लागले.

"अरे, हे तर माझंच नाव!" एक सुतार किंचाळला. "माझं नागरिकत्व लोण्याला गुंडाळलंस तू?"

"आणि हा माझा नवरा," एक बाई म्हणाली, "अर्धाच आहे. उरलेला कुठाय?"

हळूहळू सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ही वही नसेल तर कॅस्परच काय, दुकानात उभा असलेला एकही पुरुष नागरिक नाही. कुणाची नोकरी धोक्यात, कुणाची जमीन. पुढच्या क्षणी सगळे मिळून कॅस्परवर तुटून पडले.

"मला काय माहीत!" कॅस्पर ओरडला. "सरकार आपली माणसं रद्दीच्या भावानं विकत असेल हे मला काय माहीत!"

सोमवारी सकाळपर्यंत टटलनं सगळी पानं क्रमानं लावली. अर्धे नवरे पूर्ण झाले. फक्त एक पान कमी होतं. एक्केचाळिसावं. कॅस्परचं.

बारा वाजता सभागृह खच्चून भरलं होतं. प्रॅट उठला. "कागद?"

कॅस्परनं रिकामे हात पसरले. तेवढ्यात दाराशी धक्काबुक्की झाली आणि धुण्याची टोपली डोक्यावर घेऊन हनोरा आत घुसली.

"थांबा! हा एक राहिला होता!"

टटलनं तो चोळामोळा कागद उलगडला. कोपऱ्यात कोर्टाचा शिक्का होता, खाली टटलची स्वतःची सही.

"हा दाखला?" प्रॅट रुमालातून गरजला. "याला माशाचा वास मारतोय! असल्या पुडीवरचं एकही अक्षर मी मानत नाही. लिहून घ्या, एकही अक्षर!"

"वास मारणारच," हनोरा म्हणाली. "तुमच्याच ओल्या बुटांत, ते वाळावेत म्हणून कोंबलेला होता. मासा तुमची स्वयंपाकीण याच्याच दुकानातून नेते, दर शुक्रवारी, मागच्या दारानं. आता हा वास माशाचा का पायाचा, ते तुम्हीच सांगा साहेब."

सभागृहात हशा फुटला. अध्यक्षांनी हातोडा आपटला. "टटल, वाचा."

"ओळ सातवी. कॅस्पर ब्रॉयनिंगर, किराणा दुकानदार, मूळ बव्हेरिया. ओळ आठवी..." टटल थांबला. त्याचा चष्मा घसरला.

"वाचा की!"

"लेम्युएल प्रॅट. मूळ ब्रिस्टल, इंग्लंड."

स्वातंत्र्यासाठी लढलेला आजा कुठं गेला, हे विचारायचं भानही कुणाला नव्हतं. कॅस्पर सावकाश वळला आणि त्या उंच माणसाकडे आज पहिल्यांदा नीट बघितलं.

"सरक रे, सरक पुढं," तो पुटपुटला. "तो तू होतास होय रे?"

अध्यक्ष खाकरले. "प्रॅट, तुमचा आक्षेप लिहून घेतलाय. या कागदावरचं एकही अक्षर तुम्ही मानत नाही. मग महापौरपद राहू दे बाजूला, तुम्हाला नगरसेवकाची खुर्चीही सोडावी लागेल. आक्षेप कायम ठेवायचा का?"

प्रॅटचा रुमाल खाली आला. "कागद... खरा आहे."

"मागं ऐकू येत नाही!" हनोरा ओरडली.

"खरा आहे! अक्षर न् अक्षर खरं आहे!"

कॅस्परनं शपथ घेतली. वही नव्यानं शिवून लोखंडी तिजोरीत ठेवावी, असा ठराव त्याच सभेत प्रॅटनंच घाईघाईनं मांडला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो कोर्टात येतो, टटलला तिजोरी उघडायला लावतो आणि एक्केचाळिसावं पान जागेवर आहे की नाही, ते अगदी जवळ वाकून बघतो. नाकाला रुमाल न लावता.