टँकरच्या पाण्याची साक्ष

लोकांना आरोग्याची एखादी गोष्ट पटवायची असेल, तर उपदेश करू नये, स्वतःचं उदाहरण द्यावं, असं माझं ठाम मत होतं. विद्यापीठात समाजशास्त्र शिकताना या विषयावर मी बावीस पानांचा निबंध लिहिला होता. त्यामुळे रेणापूरजवळचं ते गाव मी दहा मिनिटांत जिंकेन, याविषयी मला शंका नव्हती.

लातूर वेगळा जिल्हा झाल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा. आमच्या जिल्हा आरोग्य कार्यालयाच्या पाटीवर लातूर होतं, शिक्क्यांवर अजून उस्मानाबाद. विहिरी आटल्या होत्या, टँकर दिवसाआड येई, आणि गावात हगवणीची साथ पसरली होती. गावातल्या म्हाताऱ्या सरजाबाईंची दोन वर्षांची नात चार दिवसांत अगदी सुकून गेली होती. मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं आणि घोट-घोट कसं पाजायचं, ते मी तिच्या आईला, पंचशीलाला, दाखवलं. पोर सावरली. पण पाणी तसंच राहिलं तर ती पुन्हा आडवी पडणार, हे उघड होतं.

म्हणून टँकर येताच मी बादलीत ब्लिचिंग पावडर कालवली, गाळ खाली बसू दिला आणि वरचं निवळलेलं पाणी टँकरच्या टाकीत ओतलं. त्या वासानं गर्दी अशी मागे सरकली, जणू टाकीतून वाघ उतरणार होता.

"साहेब, हे काय घालून राहिलेत?" सरपंच शेषेरावांनी विचारलं.

"जंतू मारायचं औषध आहे."

"कोणाचे जंतू?"

"पाण्यातले."

"आणीबाणीत बी अशीच सरकारी गाडी आली होती. बाप्यांना धरून नेलं, नसबंदी केली. आता धरायची लाज वाटून राहिली, म्हणून पाण्यातून पाजायलेत काय?"

एका क्षणात पुरुषांनी घागरी पालथ्या घातल्या. एरवी तांब्याभर पाण्यासाठी भांडणारं गाव भरल्या टँकरकडे पाठ करून उभं राहिलं.

"अर्ध्या तासात उतरवलं न्हाई तर मी हे पुढच्या गावाला नेतो," ड्रायव्हर म्हणाला. म्हणजे दोन दिवस पुन्हा डबक्याचं पाणी आणि पुन्हा हगवण.

निबंधाची वेळ आली होती. मी पेला भरला आणि सर्वांसमोर घटाघटा रिकामा केला. "हे बघा, मी आणि माझी बायको, लग्न झाल्यापासून चार वर्षं असंच पाणी पितो. आम्हाला काय झालं?"

शेषेरावांनी अत्यंत आदरानं विचारलं, "लेकरं किती, साहेब?"

बावीस पानांत या प्रश्नाची सोय नव्हती.

"अजून... नाहीत."

"ऐकलं का रे?" शेषेराव गावाकडे वळले. त्यांच्या आवाजात विजयापेक्षा माझ्याविषयीची कणवच जास्त होती.

पुरुष पलीकडच्या सावलीत जाऊन उभे राहिले. मी हताश होऊन बादली उचलली, तेवढ्यात सरजाबाई गर्दी सारत पुढे आल्या.

"पंचशीला, घागर घे. ती मोठी घे."

त्यांच्यामागून शेषेरावांच्या पत्नी जगदेवी दोन हंडे घेऊन आल्या.

"तू कुठं निघालीस?" शेषेराव ओरडले.

"पाच लेकरं झाली. गप उभं राहा."

मग गावातल्या सगळ्या बायका आल्या. ओळ सरळ, भांडण नाही, धक्काबुक्की नाही. मला मात्र राहवेना. खोट्या समजुतीवर पाणी देणं माझ्या मनाला पटत नव्हतं.

"बायांनो, नीट ऐका. या औषधानं फक्त हगवण थांबते. मूल होणं थांबत नाही. त्याचा सल्ला रेणापूरच्या दवाखान्यात मिळतो."

"हाव, हाव," सरजाबाई समजूतदारपणे पुटपुटल्या. "बापे ऐकून राहिलेत. असंच म्हणा."

"आमच्या हंड्यात जरा जास्तीचं टाका," जगदेवी म्हणाल्या.

मी तेच तीनदा सांगितलं. तिसऱ्या खेपेला माझा आवाज चिरकला, आणि बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. टाकी मात्र तळापर्यंत रिकामी झाली. आठवड्याभरात साथ ओसरली आणि सरजाबाईंची नात अंगणात कोंबडीमागे धावू लागली. जिल्ह्याला पाठवलेल्या अहवालात मी लिहिलं, 'महिलांचा प्रतिसाद उत्स्फूर्त.'

पुढच्या उन्हाळ्यात लसीकरणाला गेलो. वहीत अकरा नवी नावं चढली. बाराव्या नावाला जगदेवींनी एक गुटगुटीत बाळ माझ्यापुढे टेबलावर ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"वहिनी, मी तीनदा सांगितलं होतं," मी सुईकडे बघत म्हणालो.

"सांगितलं की. न्हाई कोण म्हणतंय?" त्या म्हणाल्या. "पण तुमच्या तोंडाकडं बघून कोणाला खरं वाटावं?"