रानाची साफसफाई

गुलाबरावांना रोज सकाळी जायला एक जागा हवी होती, बस. रेल्वेत रुळांवरच्या गँगचे मुकादम म्हणून जन्म गेला. भुसावळहून बदली होऊन ते जयपूरला आले, इथेच निवृत्त झाले आणि झोटवाड्याच्या दोन खोल्यांत बायकोच्या, कलावतीबाईंच्या, डब्यांची झाकणं तपासू लागले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! जीव रमायचा तो फक्त गावाबाहेरच्या जमिनीच्या तुकड्यावर. बोरी, बाभळी आणि कमरेएवढं गवत. तिथे बसने जायचे आणि माणसात येऊन परतायचे.

मुलगा संकल्प याला तो तुकडा विकायचा होता. पण सरकारची एक योजना निघाली: रान आहे तसं राखा, गवत-झुडपं वाढू द्या आणि अनुदान घ्या.

"बाबा, मतलब साफ सांगतो," संकल्प म्हणाला. "अनुदान लागलं तर जमीन राहू द्या. नाही लागलं तर दलालाला फोन."

अर्ज गेला. साहेब सोमवारी पाहणीला येणार असा निरोप आला आणि तिथेच घात झाला. पाहणी म्हटलं की गुलाबरावांच्या अंगात रेल्वे संचारायची. साहेब यायच्या आधी गवत उपटायचं आणि दगडांना चुना मारायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं.

"अहो, साहेब रानच बघायला येतायत ना?" कलावतीबाईंनी विचारलं.

"म्हणून काय असं गबाळं दाखवायचं? वाईट शेरा मारून जाईल तो."

गुलाबरावांनी मजूर लावले, स्वतःही विळा घेतला. गवत गेलं, बोरी-बाभळी गेल्या. टिटव्या डोक्यावर ओरडत फिरल्या आणि त्याही गेल्या. बांधावरचे दगड पांढरे करून चुना उरला, तेव्हा त्यांनी दोरी धरून आतही दगडांच्या सरळ रांगा लावल्या. कित्येक महिन्यांनी ते त्या रात्री गाढ झोपले.

सोमवारी साहेब आले. तरुण होते, भले वाटत होते.

"अंकलजी, घास कहाँ गई?"

"निकाल दी, साब. एक काडी नहीं मिलेगी."

साहेबांनी हातातला अर्ज उघडून पाहिला. मग हळूच म्हणाले, "अनुदान तो उसी का था."

ते रागावले असते तरी बरं झालं असतं. त्यांनी कलावतीबाईंनी घरून आणलेला चहा घेतला, गुलाबरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि नामंजुरीचा शेरा मारून गेले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. गुलाबराव एका पांढऱ्या दगडावर बसले. त्यांना फार वाईट वाटत होतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"सांगत होते मी," कलावतीबाई म्हणाल्या. पण त्यांच्याही आवाजात भांडण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संकल्पने आईबाबांसोबत दलालालाही जमिनीवर आणलं. दलाल रांगांमधून फिरला आणि खूश झाला.

"वाह जी, प्लॉट तो कटे-कटाए हैं! किसने किया?"

संकल्पने वडिलांकडे बोट दाखवलं.

"अंकलजी, हमारी और भी साइटें हैं, सब झाड़ियों से भरी पड़ी हैं. रोज आ जाओगे साफ करवाने?"

गुलाबरावांनी बोडक्या जमिनीकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते त्यांनी बाहीने पुसले.

"कितने बजे?" त्यांनी विचारलं. मग कलावतीबाईंकडे वळून म्हणाले, "उद्यापासून डबा लागेल."