कढई माझी, ताटं तुमची

हिवाळ्यात संध्याकाळी साडेसातच्या सुमारास आमच्या दाराची बेल न वाजता सरळ लाथच बसली, तर मी घाबरत नसे. दार उघडायचं आणि पटकन बाजूला व्हायचं. बाहेर सोनवणे काका उभे असत. डोक्यावर माकडटोपी, हातांत मफलरच्या घड्यांनी धरलेली लोखंडी कढई, आणि कढईत काहीतरी अजून रटरटत असे.

“ताटं काढा! फुगतायत!”

नमस्कार नाही, चमत्कार नाही. थेट आत.

फुगत असत त्या चिकोल्या. कणकेची जाड पोळी लाटायची, तिचे शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे आणि लसणाच्या फोडणीच्या तिखट वरणात सोडून शिजवायचे. कुणी त्यांना चकोल्या म्हणतं, कुणी वरणफळं. काका धुळ्याकडचे, म्हणून चिकोल्या. गरमागरम खाल्ल्या तर स्वर्ग. अर्धा तास थांबलात, तर सगळं वरण पिऊन बसतात आणि कढईत नुसता लगदा उरतो. त्यामुळे काकांना कायम घाई. सोसायटीच्या सेक्रेटरी नाईक मॅडमनी एकदा दारातच “या या काका, कसे आहात?” असं विचारलं, तर म्हणाले, “जेवल्यावर सांगतो.”

बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, नदीच्या अंगाला आमची बिल्डिंग आहे. काका तळमजल्यावर एकटेच राहतात. मुलगी नाशिकला दिलेली. काकांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवर गेली, त्यामुळे तापलेल्या लोखंडाचं त्यांना काही वाटत नाही. थंडी मात्र अजिबात सोसत नाही. दिवाळी सरली की माकडटोपी चढते, ती होळीलाच उतरते.

आणि खरी गंमत म्हणजे या माणसाच्या घरात ताटंच नव्हती. एक कढई, एक पळी, पोळपाट-लाटणं, चहाचं पातेलं आणि दोन ग्लास, संपला संसार. उन्हाळ्या-पावसाळ्यात कढईतला उपमा कढईतूनच खायचे. ताटांचं विचारलं की उत्तर ठरलेलं, “पुरात गेली.” आम्ही इथे राहायला येण्याआधी एका पावसाळ्यात नदी तळमजल्यात शिरली होती, हे खरं. पण समोरच्याच ब्लॉकमधली नाईक मॅडमची प्लास्टिकची बादली जागच्या जागी राहते आणि काकांची स्टीलची ताटं तेवढी निवडून वाहून जातात, हे कुणाला पटणार? माझा नवरा संदीप एकदा म्हणाला, “मग काका, कढई बरी नाही गेली?”

“तिला जायचं नव्हतं,” काका म्हणाले, आणि विषय संपला.

तेव्हा करार असा होता: “कढई माझी, ताटं तुमची.” हिवाळ्यात बिल्डिंगमधल्या कुठल्या ना कुठल्या घरी काका कढई घेऊन जायचे, त्यांच्याच ताटात त्यांना वाढायचे आणि स्वतःही तिथेच जेवायचे. जेवण झालं की रिकामी कढई उचलून खाली. “बसा की जरा” म्हटलं, तर म्हणायचे, “कढई घासायचीय.”

आता हिवाळा कधी सुरू झाला हे तुम्हीआम्ही कॅलेंडरवर बघतो. काका खोबरेल तेलाची बाटली बघायचे. ती खिडकीत ठेवलेली असायची. एखाद्या सकाळी तेल थिजलं, की काका ती बाटली उलटी धरून चारही मजले फिरायचे. “थिजलं! बघा, पडतंय का? मुंबईवाले अजून पंखे लावून झोपलेत!” जणू थंडी त्यांनीच बारवी धरणावरून पिशवीत भरून आणलीय. मग त्याच संध्याकाळी कढई चढायची.

स्वयंपाकाचे त्यांचे नियम ऐकले तर माझ्या सासूबाई चक्कर येऊन पडतील. सगळं एकाच भांड्यात. आधी कढईतच कणीक मळायची, ती पोळपाटावर ओल्या फडक्याखाली ठेवायची. मग तीच कढई विसळून गॅसवर. तेल, मोहरी, ठेचलेला लसूण, हिंग, काळा मसाला, त्यावर दुपारपासून भिजलेली तूरडाळ आणि पाणी. “कुकर कशाला? डाळीला घाई नसते, माणसाला असते.” लोखंडामुळे वरण काळपट दिसायचं. आमची तनू पहिल्यांदा नाक मुरडत म्हणाली, “आजोबा, हे ब्लॅक आहे.” काका म्हणाले, “डोळे मीट आणि खा.” तिने खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. पोरगी घरात वरणाला हात लावत नाही, बरं का!

सोबत पापड लागायचाच, आणि तोही सिंधी. त्यासाठी काका रविवारी उल्हासनगरला कॅम्प पाचात जायचे. मीही एकदा पडद्याच्या कापडासाठी त्यांच्याबरोबर गेले होते. पापडवाल्याच्या शेजारी भांड्यांचं दुकान. दुकानदार काकांना ओळखत होता.

“अरे साईं, हर साल पापड ले जाते हो, कभी थाली का सेट भी ले जाओ! अपने वाले भाव में दूँगा.”

“थाली का टेन्शन नहीं,” काका म्हणाले. “थाली मेरे को पडोसी लोग देते.”

दुकानदाराने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच कुणीतरी कद्रू सून आहे आणि म्हाताऱ्याला ताटाला महाग केलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण आज कुठलं घर, हे काका कसं ठरवायचे, ते बरेच दिवस कुणाला कळलं नव्हतं. आमच्याकडे जरा जास्तच वेळा यायचे. मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीत डिस्पॅच बघते. संध्याकाळी घरी येईपर्यंत जीव नकोसा झालेला असतो, आणि आल्या आल्या ‘आज भाजी काय’ या प्रश्नाने डोकं फिरतं. नेमक्या अशाच दिवशी दारावर लाथ बसायची. मला वाटायचं, माझं नशीब. शेवटी तनूनेच विचारलं, “आजोबा, आज पण आमच्याकडेच?”

“तुझ्या आईचा कुकर बोलला नाही,” काका पापड मोडत म्हणाले.

आमच्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे मधल्या उभ्या मोकळ्या जागेत, उघडतात. तळाला काकांची खिडकी. डाळ शिजेपर्यंत ते खाली उभे राहून वरच्या शिट्ट्या ऐकायचे. सात वाजून गेले तरी ज्या घरातून शिट्टी आली नाही, तिथे कढई जायची. तिसऱ्या मजल्यावरच्या कांबळे वहिनींना डेंग्यू झाला, तेव्हा लागोपाठ त्यांच्याकडेच जात होते. विचारलं असतं तर म्हणाले असते, त्यांची ताटं मोठी आहेत.

तर असं सगळं छान चाललं होतं. पण चांगल्या चाललेल्या गोष्टीत सुधारणा केली नाही, तर ती सोसायटी कसली! गेल्या कोजागिरीला गच्चीवर दूध पीत असताना कळलं, की काकांना सत्तर पूर्ण झाली. नाईक मॅडमच्या अंगात संचारलं. “आपण काकांचा सत्कार करू या. आणि वस्तू अशी द्यायची की उपयोगी पडेल.” उपयोगी म्हणजे काय, याला डोकं चालवायची गरजच नव्हती. आठ दिवसांत शाल, नारळ आणि मोठ्ठा डिनर सेट आला. सहा ताटं, वाट्या, ग्लास, कडेला निळी फुलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. “आता काका आपल्या घरी आपल्या ताटात जेवणार!” नाईक मॅडम म्हणाल्या.

काकांनी खोकं दोन्ही हातांनी धरलं. “सोय केलीत बुवा,” एवढंच म्हणाले.

पुढे डिसेंबर आला. नदीवरून असा वारा सुटला, की सकाळी नळाला हात लावावासा वाटेना. आमच्या बाथरूममधलं तेल थिजलं, पण उलटी बाटली घेऊन कुणी आलं नाही. संध्याकाळी लाथही बसली नाही. पहिले काही दिवस वाटलं, नाशिकला गेले असतील. पण सकाळी दूध आणताना दिसायचे. मान हलवायचे आणि आत जायचे. आमचा कुकर गप्प असायचा, आम्ही ब्रेड-ऑम्लेट खायचो, आणि तनू दाराकडे बघत बसायची.

“बरं नसेल त्यांना,” संदीप म्हणाला. “जाऊन बघ ना.”

मी गेले. काकांच्या घरात दिवा होता, वास मात्र कसलाच नव्हता. टेबलावर चहाचा ग्लास आणि टोस्टचा पुडा. डिनर सेटचं खोकं कपाटावर होतं, त्याची चिकटपट्टीसुद्धा काढलेली नव्हती.

“काका, हे काय जेवण झालं? आणि कढई कुठे?”

“आहे की. बसा ना, ताई.”

मी बसले. ते उभेच राहिले.

“आमचं काही चुकलं का?”

“छे, छे.” ते टोस्टचे चुरे बोटाने गोळा करत राहिले. “ताई, ताटं पुरात नव्हती गेली.”

“ते माहितीये सगळ्यांना,” मी म्हटलं. त्यांना जरा हसू आलं.

“आमची ही गेली ना, शांता, त्या हिवाळ्यात चिकोल्या केल्या. रोजच्यासारखी दोन ताटं घेतली. हाताला सवय हो. वाढून झालं, मग ध्यानात आलं. तिच्या ताटातल्या फुगत बसल्या. मी बघत बसलो. दुसऱ्या दिवशी परत हाताने दोनच ताटं काढली. हात ऐकेना. मग म्हटलं, ताटच नको घरात. ताटं-वाट्या सगळं गावच्या बुद्धविहाराला देऊन टाकलं. ‘कालकथित शांताबाई यांच्या स्मरणार्थ’ असं नाव घालून.”

“मग पुराचं कशाला सांगायचात?”

“पूर बरा. पुराला कुणी पुढचं विचारत नाही.”

काकांनी टोस्टचा पुडा दुमडून बाजूला ठेवला.

“एका माणसाच्या चिकोल्या होतच नाहीत, ताई. म्हणून कढई उचलली आणि वर आलो. ताट नाही म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही. पण आता घरात सहा ताटं आहेत. काय सांगून येऊ? सहा ताटं असताना दुसऱ्याच्या दारात ताट मागायचं, ही लबाडी झाली की!”

इतकी वर्षं पुराच्या थापा मारणारा हा माणूस ताटांसाठी हरिश्चंद्र झाला होता. हसावं की रडावं!

मी वर आले. डोकं तर बायकांना असतंच, म्हटलं, चालवू या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत खाली गेले. “काका, उद्या आमच्याकडे पाहुणे आहेत. ताटं कमी पडतायत. तुमचा सेट द्याल का?” आमच्या बिल्डिंगमध्ये उसनं नेलेलं भांडं वर्षभर परत जात नाही, हे जगजाहीर आहे. काकांनी खोकं काढून दिलं, वरची धूळसुद्धा पुसली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. घरात ताटं नाहीत, म्हणजे आता येतीलच.

कसले येतात! तो दिवस गेला, दुसऱ्या दिवसाचे साडेसात वाजले, आठ वाजत आले. मी कुकरला हात न लावता दाराकडे कान देऊन बसलेली. शेवटी चिडून खाली गेले.

“का नाही आलात?”

“अहो, तुमच्याकडे पाहुणे ना? त्यांच्यात मी कशाला मध्ये?”

माझीच थाप माझ्या गळ्यात! मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकदम लक्षात आलं. इतके हिवाळे या माणसाने अख्ख्या बिल्डिंगला जेवू घातलं. आमच्यापैकी एकाने तरी, एकदा तरी, “काका, जेवायला या” म्हटलं होतं का? नाही. आम्ही नुसती दारं उघडली होती.

“काका,” मी म्हटलं, “पाहुणे कुणी नाहीत. पाहुणे तुम्हीच. उद्या आमच्याकडे जेवायला या. कढई आणायची नाही.”

“का? काय आहे उद्या?”

“काही नाही. आम्हाला तुमच्याबरोबर जेवायचंय. करमत नाही आम्हाला.”

काकांनी माकडटोपी काढली, परत घातली. “बरं,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा पांढरा शर्ट, टोपी नाही, विरळ केस नीट विंचरलेले. हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. आधी पाठीमागे बांधले, मग शर्टाची बटणं चाचपली. तनूने एक हात धरला आणि आत नेऊन बसवलं.

निळ्या फुलांची ताटं मांडली होती. चिकोल्या मीच केल्या होत्या. खरं सांगायचं तर साफ बिघडल्या होत्या, अर्ध्या कच्च्या आणि अर्ध्या गाळ. काकांनी पहिला घास घेतला.

“लसूण कमी आहे,” ते म्हणाले. मग सगळं ताट चाटूनपुसून साफ केलं. सवयीने त्यांचा हात पळीकडे गेला.

“बसा हो तुम्ही,” मी दटावलं. “आज मी वाढणार.”

काकांनी हात मागे घेतला. दोन्ही हातांनी ताट उचलून माझ्यापुढे धरलं. “थोडंच.”

मी एक पळी घातली. नको म्हणायला माणूस ताटावर हात आडवा धरतो, तसा त्यांनी धरला नाही. मी दुसरी घातली. काका ताटाकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी सरळ ताटात पडत होतं.

“बस म्हणा हं काका,” मी म्हटलं.

“म्हणतो,” काका म्हणाले, आणि ताट पुढे धरूनच राहिले.