डिमरचा षड्ज

बैठकीच्या खोलीतले दिवे लुकलुकायला लागले, तेव्हा चारुदत्त नुकताच शिडीवरून उतरून, कमरेवर हात ठेवून, आपल्याच कामावर खूश होत उभा होता. छतातले जुने, तापणारे, वीज खाणारे बल्ब काढून त्याने सगळीकडे एलईडी बसवले होते. इंटरनेटवर शोधून मागवलेले, अमेरिकेतल्या त्यांच्या बॉथेल गावात अजून कुणाच्या घरात नसतील असे. जुने बल्ब तो सकाळीच मोठ्या अभिमानाने रिसायकलिंगला देऊन आला होता. आता त्याने भिंतीवरचं फिरवायचं बटण, म्हणजे डिमर, हलकेच अर्ध्यावर आणलं आणि छतभर नवरात्रातल्या मांडवाची रोषणाई सुरू झाली.

"बाबा, इट्स अ डिस्को!" ज्ञानदाने सोफ्यावर उड्या मारायला सुरुवात केली.

आश्लेषा पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. वर बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, परत वर बघितलं.

"चारू, हे काय आहे?"

"सेटल होतील गं. नवीन आहेत ना."

"दिवे आहेत ते. नवीन नवरी नाही, सेटल व्हायला! उद्या इथे मालिनीताई गाणार आहेत, आठवतंय ना?"

न आठवायला काय झालं? गेलं वर्षभर त्या घरात दुसरा विषयच नव्हता. मालिनीताई पुण्याच्या मोठ्या गायिका. त्यांच्या अमेरिकेच्या दौऱ्यातली एक घरगुती बैठक आपल्याकडे व्हावी म्हणून आश्लेषाने फोनवर फोन केले होते, ईमेलवर ईमेल पाठवले होते. ताईंची अट एकच होती. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून समोर झगझगीत उजेड असला की त्यांना गाता येत नसे. त्यावर आश्लेषाने कळवलं होतं, "आमच्याकडे डिमर आहे, हवा तेवढा मंद प्रकाश करता येतो."

"तू जुने बल्ब आण आणि लाव परत," आश्लेषा म्हणाली.

"आशू, मी इलेक्ट्रिकल इंजिनीअर आहे."

"होतास. नागपूरला. आता तू दिवसभर एक्सेल उघडून बसतोस."

हे वाक्य जिव्हारी लागलं आणि इथेच सगळं बिघडलं. नाहीतर चारुदत्त मुकाट्याने जुने बल्ब घेऊन आला असता.

हार्डवेअरच्या दुकानात डिमरांची एक अख्खी भिंत होती. एलईडीच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'योग्य डिमरबरोबरच वापरा.' डिमरच्या खोक्यावर लिहिलं होतं, 'योग्य बल्बबरोबरच वापरा.' दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेतली होती. चारुदत्तने कपाळावर चष्मा चढवलेल्या विक्रेत्या आजोबांना गाठलं.

"यातला कुठला चालेल?"

"डिपेंड्स," आजोबा म्हणाले.

"कशावर?"

"बल्बवर."

"आणि बल्ब कुठला चालेल ते?"

आजोबांनी बराच वेळ विचार केला. "डिमरवर," ते म्हणाले आणि समाधानाने कुलपांच्या विभागाकडे निघून गेले.

चारुदत्तने प्रत्येक जातीचा एकेक डिमर उचलला.

घरी आल्यावर त्याला सासरे मदतीला मिळाले. राजाराम अप्पा दोन महिन्यांपूर्वी लेकीकडे आले होते आणि तेव्हापासून करायला काही नाही म्हणून बेजार होते. त्यांची सगळी नोकरी वीज मंडळात झाली होती. मंडळाच्या बिल खात्यात झाली होती, हे ते सहसा सांगत नसत.

"चारुदत्तराव, आधी अर्थिंग बघा," अप्पा म्हणाले.

"अप्पा, अर्थिंगचा संबंध नाही हो."

"संबंध नसताना बघावं, म्हणजे मग संबंध येत नाही."

चारुदत्तने गराजमधल्या विजेच्या पेटीत 'लिव्हिंग रूम' लिहिलेला खटका पाडला. स्वयंपाकघरातून किंकाळी आली. आधीच्या घरमालकाने चिठ्ठ्या कुणाच्या तरी दुसऱ्याच घराच्या लावल्या असाव्यात, कारण विजेची शेगडी बंद पडली होती आणि कढईतले बटाटेवडे तेलात निवांत डुंबत होते. मग अप्पा स्वयंपाकघरात उभे राहिले, ज्ञानदा जिन्यात, आणि चारुदत्त गराजमधून एकेक खटका पाडत "गेले?" असं ओरडू लागला.

"शेगडी आली!" अप्पा ओरडत.

"बाबा, टीव्ही इज गॉन!" ज्ञानदा ओरडे.

"चारू, मी तुला सोडणार नाही!" हे आश्लेषा, बाथरूममधल्या काळोखातून.

पहिल्या डिमरवर दिवे एकतर पूर्ण लागत किंवा अजिबात लागत नसत. मधलं काही त्यांना मान्य नव्हतं. दुसऱ्यावर ते बंद केल्यावरही मिणमिणत राहिले. अप्पांनी ते बघून रामरक्षा पुटपुटली आणि मग म्हणाले, "अर्थिंगच आहे." तिसरा डिमर लावल्यावर कुणी जिन्यावरून उतरलं की दिवे मोठे होत, चढलं की बारीक. असं का व्हावं हे चारुदत्तला कळेना. पण ज्ञानदाला तो फार आवडला आणि तो काढल्यावर ती रुसून बसली.

रविवारी दुपारी, बाहेर पाऊस पडत असताना आणि आश्लेषा नवऱ्याशी बोलायची बंद झालेली असताना, चारुदत्तला इंटरनेटवर गुरुकिल्ली सापडली. एलईडी फारच कमी वीज घेतात, म्हणून डिमरला आपल्यावर काही ओझं आहे हेच कळत नाही आणि तो गोंधळतो. त्या रांगेत जुन्या पद्धतीचा एकच बल्ब बसवायचा, की डिमर भानावर येतो.

त्याने धावत दुकानात जाऊन तसा एक बल्ब आणला आणि दाराजवळच्या खोबणीत बसवला. शेवटचा डिमर जोडला. बटण फिरवलं. दिवे सायीसारखे मऊ होत गेले, अर्ध्यावर आले, आणि तिथे स्थिर राहिले. एकही दिवा लुकलुकला नाही.

"आशू!" तो ओरडला. आश्लेषा नेसता नेसता निऱ्या हातात धरून आली. तिने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातलं काहीतरी उमटलं.

मग ती म्हणाली, "हा आवाज कसला?"

चारुदत्तने कान टवकारले. भिंतीतून एक अखंड, भरीव, गोड गुणगुण येत होती. हूंऽऽऽ.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

मराठी मंडळातले लोक आले, कोट उतरले, बुटांचा ढीग झाला. एलईडीच्या निळसर उजेडात सगळ्या रेशमी साड्या औषधांच्या दुकानात ठेवल्यासारख्या दिसत होत्या, आणि दाराजवळच्या एकुलत्या पिवळ्या बल्बखालचा माणूस मात्र सोन्यासारखा. हा फरक बायकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. गालिच्यावर प्रशस्त जागा रिकामी सोडून सगळ्या जणी चपला-बुटांशेजारी दाटीवाटीने बसल्या. सर्वांत सोनेरी जागा प्रतिमाने पटकावली. तिचा नवरा विक्रम आज साथीला होता. त्याने महिनाभर रोज पहाटे उठून पेटीचा रियाज केला होता आणि शेजाऱ्यांनी त्याबद्दल सोसायटीला कळवलंही होतं.

मालिनीताई आल्या. बुटक्या, साठीच्या पुढच्या, डोळ्यांवर गडद चष्मा. बैठकीवर टेकल्या, चष्मा काढला, दिव्यांकडे बघून "छान" म्हणाल्या. आश्लेषाचा जीव भांड्यात पडला. ताईंनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा सुरू केला, डोळे मिटले, आणि उघडले.

"आणखी कोण वाजवतंय?"

खोलीत शांतता झाली. शांतता झाल्यामुळे तर ते आणखीच ऐकू यायला लागलं. हूंऽऽऽ.

"ताई, ते... भिंतीतलं बटण आहे," चारुदत्त उभा राहून म्हणाला. शाळेत काच फोडल्यावर तो असाच उभा राहिला होता.

"बंद करा."

त्याने बंद केलं. काळोख झाला. कुणाचा तरी पाय वड्यांच्या ताटात गेला. चारुदत्तने बटण पूर्ण फिरवलं. आवाज थांबला, पण खोली दाढ काढायच्या खोलीसारखी लखलखली आणि ताईंनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. परत अर्ध्यावर आणलं. हूंऽऽऽ.

"अर्थिंग," मागून अप्पा कुजबुजले.

आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. वर्षभराचे फोन, वर्षभराचे ईमेल, आणि आता हे. ते बघून चारुदत्तला वाटलं, भिंतीसकट ते बटण उखडून पावसात फेकावं आणि त्याच्यामागोमाग आपणही जावं.

पण मालिनीताईंनी हात वर केला. मान तिरकी करून त्या ऐकत होत्या.

"पेटीतल्या काळी पाचच्या वर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पांढरी सातच्या खाली. अगदी फटीतला स्वर आहे हो. आणि काय स्थिर आहे! माझा एकही तानपुरेवाला इतका स्थिर बसला नाही कधी." त्यांनी तानपुऱ्याच्या खोक्यावरची बारीक कळ फिरवायला घेतली. फिरवत गेल्या, फिरवत गेल्या, आणि एका क्षणी खोका आणि भिंत एकमेकांत विरघळून गेले.

"लागला," त्या म्हणाल्या. तबलजीने हातोडी काढून तबला चढवला. राहता राहिला विक्रम. पेटीला फटीत स्वर नसतात. त्याने काळी पाच दाबली, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पांढरी सात दाबली, मागे एक बाळ रडायला लागलं.

"तुम्ही आज नुसते ऐका," ताई प्रेमाने म्हणाल्या. विक्रमने भाता बंद केला. प्रतिमाचा चेहरा पिवळ्या बल्बखालीही निळा पडला.

"आणि तुम्ही," ताई चारुदत्तला म्हणाल्या, "तिथेच बसा. मी खूण केली की जरा मोठा करा. सोडू नका हं सूर."

अशा रीतीने ज्याला शाळेत 'जन गण मन' म्हणतानाही मास्तर ओठ नुसते हलवायला सांगत, तो चारुदत्त एका हाताने बटण धरून मालिनीताईंच्या साथीला बसला. पहिला षड्ज लागला आणि त्याच्या अंगावर काटा आला. विलंबितात तो नुसता गुणगुणणाऱ्या भिंतीला पाठ टेकून होता. द्रुत सुरू झाल्यावर मात्र त्याच्या हातात काय संचारलं कोण जाणे. समेवर मान डोलायच्या ऐवजी बटणच डोललं. सगळे दिवे एकदम लखलखून परत मंद झाले. लोकांनी "क्या बात है!" केलं. ताईंनी त्याच्याकडे बघितलं, हसल्या, आणि मुद्दाम आणखी कठीण तिहाई घेतली. पुढच्या प्रत्येक समेला चारुदत्त बरोबर आला. एकदा तबलजी चुकला, चारुदत्त नाही.

टाळ्या थांबेनात. वडे संपल्यावर, कोट चढवताना ताईंनी त्याला बाजूला घेतलं.

"तरुणपणी मी पांढरी सातला गायचे. मग आवाज खाली आला, काळी पाचवर आले. आता तीही सोडायचं ठरवलं होतं. हा माझा शेवटचाच दौरा, म्हटलं होतं." त्यांनी भिंतीकडे बघितलं. "आज तुमच्या बटणाने मला ओढून वर नेलं. मी कुरकुरत गेले, पण गेले की नाही?"

चारुदत्त वाकून त्यांच्या पाया पडला.

त्या आठवड्यात मंडळात दुसरा विषय नव्हता. बुधवारी प्रतिमाचा फोन आला. तिच्याकडे पुढच्या महिन्यात सतारीची बैठक होती, आणि तिला तोच डिमर, तसेच दिवे, आणि दाराजवळ एक पिवळा बल्ब, असं सगळं हवं होतं. चारुदत्तने खोकी शोधून त्यांवरचा मॉडेल नंबर दिला. विक्रमने शनिवारभर खपून सगळं बसवलं.

रविवारी सकाळी पुन्हा फोन वाजला. चारुदत्तने उचलला.

"तुम्ही आम्हाला मुद्दाम वेगळाच नंबर दिलात ना?" प्रतिमा कडाडली.

"नाही हो, तोच आहे. का, दिवे लुकलुकतायत?"

"अजिबात नाही. अगदी हवे तेवढे मंद होतात."

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? कालपासून सगळे भिंतीला कान लावून बसलोय, पण तुमचं ते मेलं बटण एक शब्द बोलत नाहीये!"