समन्स आणि साडू

थर्मन पिकलरला कोर्टात ज्युरी म्हणून बसायचं समन्स आलं तेव्हा त्याने ते नीट वाचलं, घडी घातली, बिस्किटांच्या डब्याखाली ठेवलं आणि वरून डबा जरा दाबला.

"फोन कर आणि पुढची तारीख माग," त्याची बायको व्हर्लिन म्हणाली. "मागितली की देतात. चर्चमधल्या निम्म्या बायकांना दिलीय."

"फोन केला की पत्र पोचल्याचं त्यांना कळतं. नाही केला तर ते पोस्टात गहाळ झालं. पोस्टावर कुणाचाच विश्वास नाही, कोर्टाचा तरी कशाला असेल?"

"आणि शेरिफने उचललं तर?"

"ज्युरीपायी आजवर कुणाला उचललंय?"

व्हर्लिनने आठवून पाहिलं. कुणी आठवेना. विषय तिथेच संपला.

समन्स सोमवारचं होतं, खटला किती दिवस चालेल याचा नेम नव्हता, आणि शनिवारी टार क्रीकच्या अग्निशमन दलाचा वार्षिक बार्बेक्यू, म्हणजे निखाऱ्यांवर डुक्कर भाजायचा गावजेवणाचा कार्यक्रम, होता. भट्टीचा मान यंदा पहिल्यांदाच थर्मनकडे आला होता. म्हाताऱ्या एल्बर्टचे गुडघे गेले तेव्हा त्याने निखाऱ्यांचं फावडं सगळ्या गावासमोर थर्मनच्या हातात दिलं होतं. आता थर्मन कोर्टात अडकला, तर फावडं जाणार होतं त्याच्या साडूकडे.

साडू म्हणजे ड्यूविट स्लूडर. माणूस वाईट नव्हता. पण तो कॅरोलायनाच्या पश्चिमेकडचा, डोंगरातला, आणि त्या बाजूची माणसं डुकराच्या मांसावर शिंपडायच्या व्हिनेगर-मिरचीच्या पाण्यात केचप घालतात. टार क्रीकने दोनदा घटस्फोट घेतलेला पाद्री चालवून घेतला होता, चर्चचा ऑर्गन परस्पर विकणाऱ्यालाही माफ केलं होतं. केचपची गोष्ट वेगळी होती.

रविवारी प्रार्थना संपल्यावर ड्यूविट सहज आल्यासारखा शेजारी येऊन उभा राहिला.

"काय रे, तुला कोर्टाचं पत्रबित्र काही आलं का?"

"कसलं पत्र?"

"नाही, आपलं विचारलं. पोस्टाचा हल्ली काही भरवसा नाही."

साडूचा डोळा फावड्यावर आहे हे थर्मनने तेव्हाच ओळखलं.

सोमवारी भर गावात दिसायला नको म्हणून तो गावाबाहेरच्या मोठ्या दुकानात गेला. व्हिनेगरच्या कॅनांनी भरलेली ढकलगाडी रेटत तो बाहेर येतो, तोच समोर शेरिफचा डेप्युटी कॉय टीग. लहानपणी याच कॉयकडून थर्मनने रविवारच्या शाळेत दहा आज्ञा पाठ करून घेतल्या होत्या.

"थर्मनकाका, ते सामान राहू द्या तिथंच. माझ्याबरोबर कोर्टात चला."

गाडीत बसल्या बसल्या थर्मनने सगळं कबूल केलं. पत्र मिळालं, वाचलं, डब्याखाली ठेवलं, पोस्टाचं नाव पुढे करायचं ठरवलं, यात व्हर्लिनचा काही दोष नाही. कॉयने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"काका, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ज्युरीला निम्मी माणसं आलीच नाहीत. जजबाई म्हणाल्या, बाहेर जा आणि दिसतील ती माणसं आणा. तसं कायद्यात बसतं. तुम्ही दिसलात. आणि तुमची ढकलगाडी जड होती, पळाला नसतात."

थर्मनने सीटचा पट्टा जरा सैल केला. मग म्हणाला, "म्हणजे आत्ता मी जे बोललो ते..."

"सायरन चालू होता, काका."

सायरन चालू नव्हता.

कोर्टात गावातला न्हावी होता, त्याचं अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक होतं आणि केकचं पीठ हाताला लागलेली एक बाई होती. नाव विचारल्यावर थर्मनला क्षणभर दुसरंच नाव सांगावंसं वाटलं. पण क्लार्कबाई चर्चच्या गायनात त्याच्याच शेजारी उभ्या राहत. त्यांचं बोट यादीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"अगं बाई, तू तर यादीतच आहेस. उशिरा का होईना, आलास बाबा."

थर्मनने नाही म्हटलं नाही. जजबाईंनी भर कोर्टात सांगितलं, की कर्तव्याची चाड असलेला एक तरी माणूस या तालुक्यात शिल्लक आहे. थर्मनने मान खाली घातली, लोकांनी तो विनय धरला आणि त्याला ज्युरीचा प्रमुख केलं.

खटला कुणीतरी शेजाऱ्याची होडी न विचारता नेल्याचा होता. मंगळवारी दुपारी निकाल लागला. थर्मन मोकळा झाला, शनिवार वाचला. जजबाईंनी सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाल्या, की गैरहजर राहिलेले परवा माझ्यासमोर उभे राहणार आहेत. नुसता दंड करण्यापेक्षा त्यांना गावासाठी घाम गाळायला लावावा असं मनात आहे.

"मिस्टर पिकलर, तुम्ही जबाबदार माणूस. गावात हात कुठे कमी पडतायत?"

थर्मनला वाचनालयाचं गळकं छप्पर सांगता आलं असतं, दफनभूमीतलं गवत सांगता आलं असतं. पण दोन दिवस मिळालेल्या मानाने छाती जरा फुगली होती.

"अग्निशमन दलाच्या भट्टीवर, बाईसाहेब. शनिवारी. आणि त्यांना दया दाखवू नका. मी मन लावून राबवून घेतो."

जजबाईंनी ते लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी निखारे मनासारखे फुलले होते. कॉयची व्हॅन येऊन थांबली, दार उघडलं आणि शिक्षेवरच्या माणसांचं नारिंगी जाकीट घातलेला ड्यूविट खाली उतरला.

"पोस्टाने घोटाळा केला," तो म्हणाला.

थर्मनच्या हातातलं फावडं तसंच राहिलं. "घरी जा, ड्यूविट."

"कसा जाऊ? कोर्टाचा हुकूम आहे. दिवसभर भट्टीवर पडेल ते काम. जजबाई म्हणाल्या, मिस्टर पिकलरनी खास मागून घेतलंय."

"म्हणाल्या खऱ्या," कॉय म्हणाला.

ड्यूविटने पिशवीतून केचपची भलीमोठी बाटली काढली, व्हिनेगरच्या कॅनांना लागून ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"कॉय," थर्मन हळूच म्हणाला, "ती बाटली तुला दिसतेय ना? तू काही बोलणार आहेस की नाही?"

कॉयने व्हॅनच्या दाराला पाठ टेकली आणि आभाळाकडे पाहिलं.

"काही ऐकू येत नाही, काका. सायरन चालू आहे."