पाण्यापासून संरक्षण

उद्यान विभागाच्या नियमानुसार रस्त्याकडेच्या प्रत्येक झाडाने वर्षाला किमान दीड सेंटिमीटर जाड होणे बंधनकारक होते. यंदा शाळेसमोरच्या चाळीसच्या चाळीस झाडांनी हा नियम धाब्यावर बसवला. माळीकाकांनी तीन-तीनदा मोजलं, शेवटी टेप जरा सैलच धरला, तरी घेर गेल्या वर्षीइतकाच. नापास झाडे तोडावीत, असा पुढचा नियम होता. ही झाडं काकांनी स्वतःच्या हातांनी लावलेली.

"वर्षभर रोज टँकर फिरवला मी," नवे अधीक्षक कपाळाला हात लावून म्हणाले, "आणि हे पांग फेडतायत!"

"साहेब, झाड उशिरा बोलतं. गेल्या वर्षी दुष्काळ होता, तेव्हा जुन्या साठ्यावर वाढलं. साठा संपला, त्याचा फटका आत्ता दिसतोय. तुमचं पाणी पुढच्या वर्षी अंगी लागेल."

अधीक्षकांनी हे सगळं मुद्देसूद लिहून वर पाठवलं. वर बसले होते आधीचे अधीक्षक. दुष्काळात झाडांचा टँकर त्यांनी स्वतःच्या बंगल्याच्या हिरवळीवर रिता केला होता. झाडं तरीही जाड झाली, म्हणून साहेबांना प्रशस्तिपत्र आणि बढती मिळाली होती. त्यांचा शेरा तीन दिवसांत आला: 'पाणी न देता वाढ झाली. पाणी देऊन खुंटली. सबब, पाणी घातक आहे. झाडे तूर्त तोडू नयेत. त्यांना एक वर्ष पाण्यापासून संरक्षण द्यावे.'

काकांचा जीव भांड्यात पडला आणि शेवटच्या वाक्याला परत वर आला.

टँकर बंद झाला. पाणी चुकूनही मुरू नये म्हणून बुंध्यांभोवतीची आळी सिमेंटने बुजवण्यात आली. काकांनी घरून बादली आणली, तर 'झाडांना इजा पोहोचवल्याबद्दल' त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवला.

वर्षअखेरीस मोजणी झाली. प्रत्येक झाड दोन सेंटिमीटरने जाड! अधीक्षकांचा सत्कार झाला आणि निर्जल वृक्षसंगोपन योजना साऱ्या शहराला लागू झाली.

"साहेब, हे तुमच्याच पाण्याचं फळ," काका कळवळून म्हणाले. "यंदाच्या कोरडीचं पुढच्या वर्षी दिसेल. मरतील हो सगळी!"

अधीक्षकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, पुढच्या वर्षी मी वर असेन. तेव्हा जो कोणी इथे असेल ना, त्याला सांगा."

मग काकांनी अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी ते घरोघर फिरू लागले. जो तो खिडकीतून डोकावायचा आणि म्हणायचा, "अहो, एवढी हिरवीगार तर आहेत! उगाच कशाला बोंबाबोंब?" एका बाईंनी चहा पाजला, पण सही दिली नाही. पन्नास घरं झाली, कागद कोराच.

आज काका तुमच्या इमारतीत आले आहेत. बेल वाजते आहे. उठण्याआधी तुम्ही खिडकीतून समोरच्या झाडाकडे एकदा नजर टाकून घेतलीत ना?