घरफोडीच्या दिवशी किल्लीवाला कुठे होता

"माझ्या नावावर साधी सायकल चुकीच्या जागी लावल्याचीही नोंद सापडायची नाही," किल्लीवाल्यानं मुख्याध्यापिकाबाईंना छाती फुगवून सांगितलं होतं. शाळेची एकशे चाळीस कुलपं बदलायचं काम जवळजवळ त्याच्या खिशात होतं. फक्त पोलिसांचा दाखला हवा होता.

दाखला आठवड्यात आला. त्यानं तो दुकानात मशीनपाशी उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि वाचतावाचता मटकन स्टुलावर बसला. त्याच्या नावापुढे छापलं होतं: घरफोडी. अठरा वर्षांपूर्वी, सात जूनला, भर दुपारी अडीच वाजता. कुलूप न तोडता, सफाईनं उघडून प्रवेश.

बायकोनं कागद दोनदा वाचला. "सफाईनं म्हणजे तुम्ही नाही," ती म्हणाली. त्याला धीर आला की राग, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

रेकॉर्डच्या कचेरीतल्या बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "नाव तेच, जन्मतारीख तीच. आरोपी दुसरा असेल तर ठसे जुळणार नाहीत. द्या बोटं."

त्यानं बोटं दिली. मशीननं अकरा वेळा 'पुन्हा प्रयत्न करा' असं सांगितलं. बाईंनी त्याचा हात उलटसुलट करून बघितला. "तुम्हाला ठसेच नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या आणि आपली पर्स टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली.

"तीस वर्षं किल्ल्या घासून गेले हो."

"कसल्या किल्ल्या?"

"लोकांच्या घरांच्या," तो बोलून गेला.

"त्या दुपारी तुम्ही दुसरीकडे होतात याचा लेखी पुरावा आणा. पंधरा दिवसांत. नाहीतर नोंद तशीच राहील."

चार दिवस त्याच्या हातून गिऱ्हाइकांच्या किल्ल्या चुकत राहिल्या. पाचव्या दिवशी बायको भाजी निवडता निवडता थांबली. "अहो, सात जून म्हणजे धाकटीच्या जन्माचा आदला दिवस. तुम्ही बाथरूममध्ये होतात."

किल्लीवाल्यानं उठून खिडकी लावून घेतली.

"साडेअकरापासून चारपर्यंत."

त्या दिवशी त्यानं स्वतःच्या कल्पनेतलं, कुणाच्या बापालाही उघडता येणार नाही असं कुलूप बाथरूमला बसवलं होतं. ते तपासायला तो आत गेला, हत्यारं बाहेर राहिली. दिवस भरलेली बायको साडेचार तास दाराबाहेर बसून त्याच्याशी बोलत होती. शेवटी अग्निशमन दलाच्या माणसांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं. हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं दोघांचं तेव्हाच ठरलं होतं.

"दुसरं काहीच नाही का सांगण्यासारखं?" त्यानं काकुळतीनं विचारलं.

"आहे की. घरफोडी."

अग्निशमन केंद्रावर जुनी वही सापडली. तिथल्या साहेबांनी नोंद मोठ्यानं वाचली, मग आणखी दोघांना हाक मारून पुन्हा वाचली. शिक्का मारलेली नक्कल घेऊन तो मान खाली घालून कचेरीत गेला. बाईंनी ती वाचली, चष्मा काढून डोळे पुसले आणि पर्स जागेवर आणून ठेवली.

नोंद काढली गेली. त्याला वाटलं, सुटलो. पण दुरुस्तीचं पत्र कचेरीनं नियमाप्रमाणे थेट शाळेला पाठवलं, कारणासकट: 'सदर इसम त्या वेळी स्वतः बसवलेल्या कुलपामुळे स्वतःच्याच बाथरूममध्ये अडकलेला असल्याने घरफोडी करणे त्यास शक्य नव्हते.'

मुख्याध्यापिकाबाईंनी पत्राची नीट घडी घातली. त्यांच्या समोरच्या खुर्चीच्या अगदी काठावर तो बसला होता.

"चारित्र्य स्वच्छ आहे तुमचं," त्या म्हणाल्या. "काम तुम्हालाच. अट एकच. कुलूप लावून बघताना तुम्ही दाराच्या बाहेर उभं राहायचं."

"मान्य," किल्लीवाला घाईघाईनं म्हणाला. "लेखी देऊ का?"

"नको. तुमचं लेखी पुष्कळ झालं."